राजीनामा कुणी लिहिला?

पत्र अवघं पाच-सात ओळींचं होतं. जानेवारी १९९९ मध्ये अलाहाबादच्या कमला नेहरू स्मारक रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ डॉ. प्रभा अत्री यांनी ते लिहिलं. व्यवस्थापनानं त्यांना निलंबित केलं होतं आणि हे पत्र म्हणजे त्या निलंबनाला त्यांनी दिलेलं उत्तर. मी १९७८ पासून या रुग्णालयात आहे, रुग्णांचं हित पाहूनच काम करत आले, माझ्या आजारपणाकडे सहानुभूतीनं पाहायचं सोडून तुम्ही मला शिक्षा करायला निघालात, ही कारवाई आकसाची आहे, ती मागे घ्या, असा त्याचा आशय. आणि अगदी शेवटी एक वाक्य: अशा परिस्थितीत तात्काळ राजीनामा देण्यावाचून मला पर्याय उरलेला नाही.

व्यवस्थापनानं बाकी सगळ्या ओळी बाजूला ठेवल्या आणि हे एक वाक्य उचललं. राजीनामा मंजूर, सेवा संपली. वीस वर्षांची नोकरी गेली आणि कागदोपत्री ती त्यांनी स्वतःच सोडलेली होती. निलंबन योग्य की अयोग्य, आजारपण खरं की खोटं, आकस होता की नव्हता, यातल्या कशाचीच चौकशी आता लागत नव्हती. बाईंनीच सोडून जायचं म्हटलं म्हटल्यावर चौकशी कसली?

अलाहाबाद उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २००२ मध्ये निकाल लागला आणि तो आजही राजीनाम्याच्या प्रत्येक खटल्यात पुढे केला जातो. न्यायालयानं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा स्पष्ट, बिनशर्त इरादा. या पत्रात तो कुठे दिसतो? दिसतो तो संताप, दिसते ती ताणलेल्या संबंधांमुळे आलेली हताशा. फार तर राजीनाम्याची धमकी म्हणता येईल, राजीनामा नव्हे. तेव्हा तो मंजूर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. व्यवस्थापनाला चौकशी करायची असेल तर ती रीतसर करावी.

निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा असा आहे. डॉक्टर निर्दोष आहेत असं न्यायालयानं म्हटलं नाही. रुग्णालय दोषी आहे असंही म्हटलं नाही. चौकशीचा लांबचा रस्ता टाळण्यासाठी माणसाच्या रागातलं एक वाक्य उचलता येणार नाही, एवढंच म्हटलं. पण एवढं पदरात पडायला जवळजवळ चार वर्षं गेली.

रुग्णालयांना राजीनामा इतका का आवडतो, याचं उत्तर याच प्रकरणात आहे. कर्मचाऱ्याला बडतर्फ करायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी अधिकारी नेमावा लागतो, साक्षीपुरावे होतात, कर्मचाऱ्याला उलटतपासणीचा हक्क असतो, आणि एवढं करून काढलेला आदेश कामगार न्यायालयात टिकेलच याची खात्री नसते. राजीनाम्याला यातलं काहीच लागत नाही. एक कोरा कागद, एक पेन, आणि केबिनचं दार बंद. राजीनामा दिला तर निदान अनुभवाचा दाखला मिळेल, नाहीतर टर्मिनेशन. मग कुठेच नोकरी मिळणार नाही. हे वाक्य खासगी रुग्णालयात काम केलेल्या परिचारिकेला समजावून सांगावं लागत नाही. पुढचा मजकूर ठरलेला: ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ कधी तो सांगून लिहून घेतात, कधी आधीच टाइप केलेला असतो, फक्त सही हवी असते.

ती सही का करते? बाहेरच्या माणसाला वाटतं, नसती केली तर काय बिघडलं असतं! बिघडतं ते असं. परिचारिकेची खरी मिळकत पगारापेक्षा तिच्या कागदांत असते. दुबई, रियाध, डब्लिन किंवा लंडनला अर्ज करायचा तर अमुक इतक्या वर्षांचा अनुभव अमुक इतक्या खाटांच्या रुग्णालयात, असा दाखला लागतो. मागच्या ठिकाणाहून रिलीव्हिंग लेटर लागतं. पुढच्या रुग्णालयातला अधिकारी मागच्या रुग्णालयात फोन करून ‘कशी आहे हो मुलगी?’ असं विचारतो. या सगळ्या किल्ल्या तिच्याकडून राजीनामा मागणाऱ्या माणसाच्याच खिशात असतात. शिवाय पगार असा की दोन महिने घरी बसून लढणं परवडत नाही. २०१६ साली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला निदान २०,००० रुपये आणि दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, असं त्या समितीनं सुचवलं. किमान २०,००० मिळावेत हे सुचवण्यासाठी समिती नेमावी लागते, यावरून मिळत काय असेल ते समजावं.

आणि याच क्षेत्रात, याच रुग्णालयांत, नेमकी उलटी तक्रारही होती. २०११ च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळात परिचारिका रस्त्यावर आल्या, त्या बाँडच्या विरोधात. नोकरीवर घेताना मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या कपाटात जमा करून घ्यायची, दोन-तीन वर्षांचा करार लिहून घ्यायचा आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर हजारो रुपये भरा म्हणायचं. भारतीय परिचर्या परिषदेनं त्याच वर्षी ही पद्धत बंद करण्याचे आदेश दिले. म्हणजे जिला राहायचं आहे तिच्याकडून राजीनामा लिहून घ्यायचा आणि जिला जायचं आहे तिचा राजीनामा घ्यायचा नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. परिचारिकेच्या इच्छेची किंमत शून्य धरली जाते आणि शेवटी कागदावर मात्र तीच इच्छा पुरावा म्हणून लावली जाते.

कायद्याच्या दृष्टीनं इथेच सगळी अडचण आहे. सही तिची, अक्षर तिचं. राजीनामा ऐच्छिक होता असं न्यायालय धरून चालतं. तो जबरदस्तीचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते. बंद खोलीत झालेलं बोलणं ती कशानं सिद्ध करणार? खोलीतले बाकीचे सगळे रुग्णालयाचे पगारी लोक. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या सोळाव्या कलमात ‘अनुचित प्रभावा’ची व्याख्या आहे: एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असावा आणि त्या स्थितीचा वापर करून त्यानं गैरवाजवी लाभ उठवावा. मालक आणि नोकर यांच्या नात्याला हे शब्द चपखल बसतात. तरी ‘जोरजबरदस्ती झाली’ एवढं अर्जात लिहिलं म्हणजे भागत नाही. कुणी, कधी, कुठे, काय म्हटलं, हे तपशील लागतात. ज्या खटल्यांत ते नसतात ते खटले पडतात.

म्हणूनच १० फेब्रुवारी २०२२ चा एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. तो आरोग्यसेविकेचा नाही, मध्य प्रदेशातल्या एका महिला न्यायाधीशाचा आहे. तिचं नाव न्यायालयानं गुप्त ठेवलं. ग्वाल्हेरला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश असताना उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तीनं छळ केला, अशी तक्रार तिनं पुढे केली. संसदीय पद्धतीनं नेमलेल्या चौकशी समितीला तो आरोप सिद्ध झाल्याचं आढळलं नाही, हे इथे सांगायला हवं. पण त्या तक्रारीआधीच तिची ग्वाल्हेरहून सिधीला, शैक्षणिक वर्षाच्या मध्येच, बदली झाली. मुलगी बारावीला. मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी थांबा, असा अर्ज तिनं केला, तो फेटाळला. पुन्हा केला, पुन्हा फेटाळला. जुलै २०१४ मध्ये तिनं राजीनामा दिला.

निकाल लिहिला न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. अमरावतीचे गवई पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. राजीनाम्याच्या कागदापाशी न थांबता त्यांनी त्याआधीच्या दिवसांचा हिशेब मांडला. बदली धोरणाला धरून होती का? नव्हती. तिचे अर्ज विचारपूर्वक निकाली काढले का? नाही. एकीकडे मुलीचं शिक्षण आणि दुसरीकडे नोकरी, अशा कात्रीत सापडलेल्या आईनं उचललेलं पाऊल स्वेच्छेचं म्हणता येत नाही. राजीनामा रद्द, नोकरी परत, ज्येष्ठता अखंड. मधल्या सात-साडेसात वर्षांचा पगार मात्र मिळाला नाही.

खुद्द न्यायाधीश असलेली, कायदा हातात असलेली, वकिलांच्या वर्तुळात वावरणारी बाई. तिला इतकी वर्षं लागली. मग बीडच्या किंवा भंडाऱ्याच्या एखाद्या खासगी दवाखान्यातल्या एएनएम झालेल्या मुलीनं काय करावं? हा प्रश्न मी आलंकारिक म्हणून विचारत नाही. उत्तर आहे, आणि त्याकडे येतो. त्याआधी थोडं लंडनला जाऊ, कारण आपल्याकडे निकालांतून तुकड्यातुकड्यानं उभं राहिलेलं तत्त्व तिथे कायद्याच्या पुस्तकात सरळ छापलेलं आहे.

ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात बडतर्फीच्या व्याख्येतच एक पोटकलम आहे: मालकाच्या वागणुकीमुळे नोटीस न देताही निघून जाण्याचा हक्क पोचतो अशा परिस्थितीत कर्मचाऱ्यानं काम सोडलं, तर ती मालकानं केलेली बडतर्फीच समजावी. तिकडे याला ‘कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल’ म्हणतात. त्याच्या जोडीला आणखी एक तत्त्व आलं, आणि ते आणणारा खटला आपल्या उपखंडातल्या लोकांना आठवेल. बीसीसीआय ही बँक १९९१ साली घोटाळ्यांसह बुडाली. तिथल्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी दावा केला की तुमच्या भ्रष्ट कारभाराचा डाग आम्हाला लागला आणि आता कुणी नोकरी देत नाही. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्यांचं म्हणणं मान्य केलं: परस्पर विश्वास उद्ध्वस्त होईल असं मालकानं वागायचं नाही, ही अट प्रत्येक नोकरीच्या करारात न लिहिताही असतेच.

हे तत्त्व रुग्णालयात कसं उतरलं ते क्रॉयडनच्या मेरी ओनुओहा यांच्या खटल्यात दिसतं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडन विद्यापीठ रुग्णालयात त्या २००१ पासून शस्त्रक्रियागृहात काम करत होत्या. गळ्यात बारीक साखळीत क्रॉस, तो वर्षानुवर्षं होता. पुढे वरिष्ठांनी तो काढायला सांगायला सुरुवात केली. कारण दिलं जंतुसंसर्गाचं. त्यांनी नकार दिला. मग शस्त्रक्रियागृहातून काढून त्यांना रिसेप्शनसारखी कामं देण्यात आली. २०२० मध्ये, कोविडच्या ऐन काळात, त्यांनी राजीनामा दिला.

जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाचा निकाल आला. साखळीपासून संसर्गाचा धोका होता, पण अगदी किरकोळ. आणि त्याच शस्त्रक्रियागृहात इतर लोक अंगठ्या, कानातले, गळ्यातले घालून वावरत होते. धर्माप्रमाणे डोकं झाकणारेही होते. त्यांना कुणी हटकलं नव्हतं. तेव्हा हा छळ होता, भेदभाव होता, आणि राजीनामा म्हणजे प्रत्यक्षात अन्यायकारक बडतर्फी होती. रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टनं नंतर माफी मागितली.

मला या खटल्यात धर्मापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या हातांना शस्त्रक्रियेची तयारी करायची सवय, त्यांना फोन उचलायला बसवणं. हकालपट्टीचा एक शब्दही न उच्चारता माणसाला त्याच्या कामातून उपटून काढायची ही रीत जगभर सारखी आहे. आयसीयूतली अनुभवी सिस्टर एकाएकी ओपीडीत टोकन वाटायला लावायची. सलग रात्रपाळ्या लावायच्या. जिचं घर बदलापूरला तिला सकाळी सातची पाळी. रजेचा अर्ज टेबलावर पडून. यातलं एकेक सुटं काढलं तर प्रशासनाची नेहमीचीच कामं दिसतात, आणि त्याचाच व्यवस्थापनाला आधार. सगळं तारखांनिशी एका ओळीत मांडलं की मग त्यातला हेतू दिसतो.

काही ठिकाणी एवढा खटाटोपही करावा लागत नसे. नियमच तसा असायचा. बाईनं लग्न केलं की नोकरी संपली. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलं लावण्याच्या खात्यात बायका काम करत. लग्न केलं की सोडायचं, अशी अट. बॉम्बे लेबर युनियननं ती आव्हानली. कंपनी म्हणाली, आमच्याकडे गटानं काम चालतं, लग्न झालेल्या बायका गैरहजर राहतात. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं हे कारण फेटाळलं आणि अट रद्द केली. विधवा चालतात, मग विवाहिता का नाही, हा साधा प्रश्न त्यात होता. परराष्ट्र सेवेतही स्त्री अधिकाऱ्यानं लग्नाआधी परवानगी घ्यायची आणि लग्नानंतर सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा, असा नियम होता, सी. बी. मुथम्मा यांच्या १९७९ च्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याबद्दल सरकारला खडे बोल सुनावले. सरकारला हे सगळं ठाऊक होतं.

ठाऊक असूनही लष्करी परिचर्या सेवेत १९७७ ची आर्मी इन्स्ट्रक्शन क्रमांक ६१ लागू होती. या सेवेचा इतिहास मुंबईच्या धक्क्यापासून सुरू होतो. १८८८ साली लष्करी रुग्णालयांची व्यवस्था लावायला दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या. १९२६ साली त्यातून कायमस्वरूपी सेवा उभी राहिली. महायुद्धं झाली, सीमेवरची युद्धं झाली, जखमी जवानांच्या खाटांशी या बायका उभ्या राहिल्या. आणि १९७७ च्या त्या सूचनेत कायम कमिशन मिळालेल्या परिचारिकेची सेवा कोणत्या कारणांनी संपवता येईल याची यादी होती: वैद्यकीय मंडळानं अपात्र ठरवल्यास, विवाह केल्यास, गैरवर्तन किंवा कराराचा भंग केल्यास. अपात्रता आणि गैरवर्तन यांच्या मधोमध लग्न. आणि हा नियम फक्त स्त्रियांना.

सेलिना जॉन १९८५ साली लेफ्टनंट झाल्या. १९८८ मध्ये त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशीच लग्न केलं. २७ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांना सेवेतून मोकळं करण्यात आलं. कारणे दाखवा नोटीस नाही, बाजू मांडायची संधी नाही. त्यांच्या पतीच्या नोकरीला मात्र त्याच लग्नानं काही झालं नाही.

१९९५ साली ती सूचना सरकारनं मागे घेतली. ज्यांच्या नोकऱ्या आधीच गेल्या होत्या त्यांचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. सेलिना जॉन लढत राहिल्या. लखनौच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणानं २०१६ साली त्यांच्या बाजूनं निकाल दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. नियम स्वतःच रद्द करून एकवीस वर्षं झाल्यावर त्याच नियमाखाली काढलेल्या बाईविरुद्ध सरकार अपिलात जातं, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठानं स्पष्ट म्हटलं की लग्न केलं म्हणून स्त्रीची नोकरी घालवणं हा लिंगभेदाचा उघडावाघडा प्रकार आहे आणि असा पितृसत्ताक नियम मान्य करणं म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणं. सरकारनं आठ आठवड्यांत ६० लाख रुपये द्यावेत. उशीर झाल्यास १२ टक्के व्याज.

छत्तीस वर्षांनी रक्कम मिळाली. पण लेफ्टनंटची कॅप्टन, कॅप्टनची मेजर असं जे व्हायचं होतं, ते कुठल्या आदेशानं होणार? नोकरी परत देण्याचा प्रश्नच तोपर्यंत उरला नव्हता. आरोग्यसेवेतल्या माणसाचं काम हे हातात असतं, सरावात असतं. शीर शोधणारं बोट, मॉनिटरचा आवाज बदलल्याचं पाठमोरं असताना कळणारा कान. काही वर्षं वॉर्डाबाहेर काढली की हे बोथट होतं. जबरदस्तीच्या राजीनाम्यातलं नुकसान मोजताना पगाराचा हिशेब करतात. हा हिशेब कुठल्याच निकालपत्रात मला दिसला नाही.

आता त्या बीड-भंडाऱ्याच्या मुलीकडे येऊ. महाराष्ट्रात तिच्या हाताशी १९७१ चा कायदा आला, अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा, ज्याला कोर्टात सगळे ‘पल्प’ म्हणतात. आकसानं, खोट्या कारणांनी किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून काढून टाकणं ही त्यात अनुचित प्रथा आहे, आणि राजीनामा जबरदस्तीचा ठरला की ते काढून टाकणंच ठरतं. पण मुदत नव्वद दिवसांची. युनियनमधली जुनी माणसं नव्या मुलींना म्हणूनच सांगतात: त्या खोलीत त्याच दिवशी सही करू नका, घरी विचारून सांगते म्हणा. करावीच लागली तर ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. आणि सही झालीच, तर त्याच रात्री ईमेल किंवा दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा की हे माझ्याकडून लिहून घेतलं, मी राजीनामा मागे घेते आहे, कामावर यायला तयार आहे. हा सल्ला कोरडा वाटला तरी त्यात कायद्याचं सार आहे. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच सांगितलं आहे. आणि तीन महिन्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून केलेल्या तक्रारीपेक्षा त्याच रात्रीच्या चार मोडक्यातोडक्या ओळींना न्यायालयात जास्त वजन असतं.

मात्र या दारापर्यंत पोचायला रुग्णालय हा ‘उद्योग’ असावा लागतो आणि इथे मुंबईचं नाव इतिहासात आहे. १९५४ साली जे. जे. रुग्णालय समूहातल्या दोन वॉर्ड सेविकांना कामावरून कमी केलं. नागरी पुरवठा खात्यातून मोकळ्या झालेल्या दोघांना त्यांच्या जागी घ्यायचं होतं. कायद्यानं द्यायची भरपाईही त्या वेळी दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा या दोघींसाठी उच्च न्यायालयात उभी राहिली. मुंबई सरकारचं म्हणणं, रुग्णालय हा धंदा नव्हे, जनतेच्या आरोग्यासाठी चालवलेलं सरकारी काम आहे, कामगार कायदा इथे लागू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६० मध्ये निकाल लिहिला: नफा असो वा नसो, मालक आणि नोकर यांच्या सहकार्यानं पद्धतशीर सेवा दिली जात असेल तर तो उद्योग आहे. दोन वॉर्ड सेविकांच्या पोटाच्या प्रश्नातून देशभरच्या रुग्णालय कर्मचाऱ्यांना न्यायालयाचं दार उघडलं. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात ते बंद झालं. १९७८ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं ते पुन्हा उघडलं. १९८२ साली संसदेनं रुग्णालयांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती केली, पण वगळलेल्यांसाठी दुसरी यंत्रणा उभी राहिली नाही आणि ती दुरुस्ती अमलातच आली नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यातल्या ‘उद्योगा’च्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या मालकीच्या किंवा त्यांनी चालवलेल्या संस्था वगळल्या आहेत. मुंबई-पुण्यातली कितीतरी मोठी, महागडी रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. धर्मादाय म्हणून त्यांना सवलती मिळतात आणि त्याबदल्यात काही खाटा गरिबांसाठी राखून ठेवायच्या असतात. तिथे हजारो परिचारिका, वॉर्डबॉय, आया, तंत्रज्ञ काम करतात. यातल्या एखादीकडून उद्या केबिनमध्ये सही घेतली आणि ती न्यायालयात गेली, तर राजीनामा खरा की खोटा याची चर्चा सुरू होण्याआधी रुग्णालयाचा वकील पहिला मुद्दा मांडेल तो हाच की आम्ही उद्योग नाही. जे. जे.च्या त्या दोघींनी जिंकलेला प्रश्न तिला पहिल्यापासून लढावा लागेल.